स्वच्छ पाण्याचा तळ

सणसवाडीत खोली घेतल्यावर मी सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. दुकानदारानं त्यासोबत समुद्रात बुडी मारायच्या गेमची सीडी माझ्या गळ्यात मारली. पाठीला हवेची टाकी बांधलेला माणूस, खाली मासे, बुडालेलं जहाज आणि जहाजात खजिना. मला तो खजिना कधी मिळाला नाही. आमच्या हाताला तसंही यश कमीच.

दौंडचे मामा-मामी माझ्याकडे राहायला आले होते. मामा एके काळी भीमेत बुडालेल्यांना शोधायला उतरायचे. बोलावणं आलं की हातातला घास ठेवून निघायचे आणि माणूस सापडेपर्यंत अन्नाला शिवायचे नाहीत. एका वर्षी दसऱ्याआधी नदीवर गोधड्या धुताना त्यांचीच मुलगी, माझी ताई, वाहून गेली. हातातून सुटलेली गोधडी धरायला ती पुढे गेली होती. मामा उतरत राहिले, शेवटी लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. ताई सापडली नाही.

देह मिळाला नाही तर आमच्यात पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावा होतो. मामी कित्येक वर्षं तेवढंच मागत होती. मामा म्हणायचे, "पोर पाण्यात हाय आन् मी पीठ जाळू?" त्यावरून घरात अबोला. मला मामांचा राग यायचा. त्यांच्या हट्टापायी मामी झिजत चालली होती.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. सकाळी मी गेम लावून बसलो, तर मामा मागे येऊन उभे राहिले.

"एवढा तळ दिसतो व्हय रं?"

"समुद्राचं पाणी आहे मामा, स्वच्छ असतं."

"आमाला कवा दिसला न्हाई. समदं हातानं चाचपायचं."

मी त्यांना खुर्ची दिली, माउस कसा धरायचा ते दाखवलं. मला वाटलं, घटकाभर करमणूक होईल. पण मामांनी माशांकडे पाहिलंच नाही. ते एका कडेपासून तळ धरून निघाले. एक पट्टा संपला की वळायचे आणि त्याला लागून दुसरा पट्टा घ्यायचे. हवा संपून माणूस मेला की पुन्हा सुरू, राहिलं होतं तिथून.

"मामा, खजिना जहाजात आहे, तिकडं चला ना."

त्यांना ऐकू गेलं नाही. प्रत्येक दगडामागे, शेवाळाच्या प्रत्येक झुबक्यात ते बघत होते. चहा गार झाला. मामीनं जेवायला हाक मारली तर नको म्हणाले. तेव्हा कुठे ते काय शोधतायत हे माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटर बंद करावासा वाटला, पण केला नाही.

दुपारी ते पलीकडच्या कडेला पोचले. त्यापुढे गेम जाऊ देत नाही. मामांनी माउस सोडला.

"समदा तळ बघितला. न्हाई."

मामी दाराशी तांदूळ निवडत होती. मामा तिला म्हणाले, "आगं, त्ये पिठाचं करून घिऊ."

मामीनं ताट बाजूला सारलं. तिनं विचारलं, "पीठ किती लागंल?"

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. ते उठले आणि त्यांनी आपल्या खांद्यापाशी हात आडवा धरला.

"एवढी व्हती," ते म्हणाले.