मुंग्यांतला चेंडू

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, देवगडच्या आमच्या घरात टीव्ही येऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा बोटीवर नोकरी करणारा थोरला भाऊ रजेवर येताना टीव्ही गेम घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढा काळा खोका आणि त्याला फिरवायच्या दोन मुठी. पडद्याच्या दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, मध्ये चौकोनी चेंडू; मूठ फिरवून पट्टी वरखाली करायची आणि चेंडू परतवायचा. पंधरा गुण आधी करील तो जिंकला.

घरात नाद लागला तो आईला. भाऊ तिला रोज हरवत होता आणि हरल्यावर तिची तक्रार एकच असे.

"माका बॉल दिसणा नाय. नुसते मुंगे दिसतत."

"नाचूक येयना, आंगण वाकडा," भाऊ म्हणे.

तक्रार खरी होती. पडद्यावर वळवळणाऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या इतक्या, की मधल्या भागात चेंडू नाहीसाच होई. भावाने बोटीवर हाच खेळ महिनोन्महिने खेळला होता, चेंडू कुठून कुठे जाणार हे त्याला पाठ होते. त्याच्या रजेचे चार दिवस उरले होते. तो जाण्यापूर्वी आईला त्याला एकदा तरी हरवायचे होते.

आमच्या किनाऱ्यावर टीव्हीचे चित्र गोव्याच्या केंद्रावरून येई आणि ते बिघडले की एकच उपाय माहीत होता, अँटेना फिरवणे. वडील, निवृत्त मुख्याध्यापक, अंगणात गेले आणि न्हाणीच्या भिंतीला बांधलेला अँटेनाचा पाइप फिरवू लागले. आई टीव्हीसमोरून ओरडत होती, मी खिडकीतून तिचा निरोप बाहेर पोचवत होतो.

"अवो, गोव्याकडे करा! अजून. अजून. बास! गेला परत."

"एकदा काय ता नक्की ठरव," बाहेरून आवाज आला. "मी काय भोवरो आसंय?"

हे अर्धा तास चालले. घरातल्याच खोक्यातला चेंडू गोव्याकडून कसा येणार, हे कोणीही विचारले नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सगळी हकिगत ऐकून घेतली, खिडकीतून पाइपाकडे पाहिले आणि मग खोक्याकडे.

"गुरुजी, गेम ह्या डब्यात आसा. तो काय आकाशातून येता?"

वडिलांनी आईकडे पाहिले. आईने भावाकडे पाहिले.

टीव्हीच्या पाठीमागे दोन स्क्रू होते आणि अँटेनाची व गेमची, अशा दोन्ही वायरी त्यांनाच आवळलेल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने आधी अँटेनाची वायर सोडवली. मग गेमची वायर हाताने चाचपत गेला. आईला दाराशी वाऱ्यात बसता यावे म्हणून भावाने गेमच्या वायरीला दारावरच्या घंटीच्या वायरीचा जोड दिला होता. जोडावरची काळी चिकटपट्टी उकलली तेव्हा आतले तांबे खाऱ्या हवेने हिरवे पडले होते.

"ह्या कोणी केला?"

"माका वाटला, लांब वायर बरी," भाऊ म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने जोड कापून टाकला, मूळची आखूड वायर पुन्हा लावली, स्क्रू पॉलिश पेपरने घासले आणि चॅनेलच्या बटणाभोवतीची बारीक चकती हळूहळू फिरवली. मुंग्या विरळ झाल्या आणि मग गेल्या. काळ्या पडद्यावर पांढरा चेंडू उमटला, चारही कडा रेखीव.

"आता जवळ बसान खेळूक व्हया," असे बजावून तो गेला.

सामने झाले भावाच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. आई पडद्यापासून दोन हातांवर बसली. पहिला डाव भावाने पंधरा-नऊ असा जिंकला.

"आता दिसलो बॉल?"

"दिसलो. तुझी खोडय दिसली."

खोड अशी होती, की अडचणीत आला की भाऊ चेंडू नेहमी खालच्या कोपऱ्यात मारायचा. मुंग्यांमुळे ती इतके दिवस झाकली गेली होती. दुसऱ्या डावात आईची पट्टी त्या कोपऱ्यात आधीच जाऊन उभी राहू लागली. वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. डाव संपला तेव्हा आईचे पंधरा होते, भावाचे बारा.

"परत एक, आये. वायर ढिली झाली वाटता."

आईने टीव्ही बंद केला आणि त्याच्या कॅबिनेटचे लाकडी शटर ओढून घेतले.

"आता पुढच्या रजेत."

"अगो, नऊ महिने आसत!"

"मगे नऊ महिने सराव कर."