कढीची नळी

प्रेमलाल, तू म्हणालास, "ताई, माझ्यावर लिहा, पण चांगलं तेवढंच लिहा." तसं लिहिलं तर चार ओळींत आटोपेल, म्हणून मी कढीचंच लिहिते. वाचताना लाजायला नको, म्हणून तुला 'तो' केलाय. मीही यात नुसती पुष्पलता आहे, आणि तिलाही सूट दिलेली नाही.

तर प्रेमलाल नागपूरहून केमिकल इंजिनिअर होऊन बालाघाटला परतला. साल चौसष्ट. हे नेमकं काय शिक्षण, ते घरातही कोणाला ठाऊक नव्हतं. "औषधाचं शिकला," असं त्याची आई विमलाबाई सांगायची, म्हणून शेजारी खोकल्याची बाटली मागायला यायचे. कोणाचा स्टोव्ह भडकला तर तोही ह्याच्याच पुढ्यात. नोकरी मात्र कोणी देईना. आशा एकच होती, डोमाजी. वारासिवनीच्या वाटेवर त्यांची उकड्या तांदळाची गिरणी होती, आणि प्रेमलालच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला ते नवरदेवाचे मामा म्हणून येणार होते.

"मामाइच्या डोयापुढं कढी नळीनं वाढतो," प्रेमलाल म्हणाला.

"काहून? वाढणाऱ्याइच्या हाताले लकवा मारला का?" विमलाबाई म्हणाली.

"चूल वर चबुतऱ्यावर, पंगत खाली आंगणात. पंपबी नाही लागत."

"अन् कढीनं नाही आयकलं तं?"

"उतार दिसला का तिले वाहाच लागते, आई."

रबरी नळी आणली चुलतबहिणीच्या बागेतली. ही पुष्पलता बी.ए. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवायची, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "ने. पण धुऊन आणून दे. माझ्या गुलाबांना हिंग चालत नाही."

"हौ ताई."

सकाळी पाणी सोडून पाहिलं, छान वाहिलं. दुपारी कढी सोडली, तीही खळखळ आली. प्रेमलालने ऐटीत नळीचं खालचं तोंड चिमट्याने आवळलं आणि पाहुण्यांची वाट बघत उभा राहिला.

तेवढ्यात डोमाजी रुसले. त्यांना चहा बशीशिवाय दिला गेला होता. नवरदेवाचा मामा पाटावर बसेपर्यंत पंगत कशी बसणार? मग नारळ झाला, टॉवेल झाला, विनवण्या झाल्या, शेवटी बशीतून नवा चहा झाला. तोवर दिवस मावळला. माघाची थंडी, आणि बेसनाची दाट कढी नळीच्या झोळात नुसती उभी.

डोमाजी बसले. प्रेमलालने नळीचं तोंड त्यांच्या पत्रावळीशी ठेवून चिमटा सोडला. आला एक कढीपत्ता, तोही अर्धा.

"कॉलेजात पाण्याचंच शिकवलं का रे?" पुष्पलताने विचारलं.

प्रेमलालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नोकरी समोर कोरडा भात चिवडत बसली होती. तो चबुतऱ्यावर धावला. नळीवर उकळतं पाणी ओतलं, वरच्या तोंडात अर्धं लिंबू कोंबलं, त्यामागे सायकलचा पंप चिंधीने आवळून बांधला आणि हाणू लागला. नळी एकदा गुरगुरली, दोनदा गुरगुरली, आणि पत्रावळीभर कढी सुटली ती थेट डोमाजींच्या भातात. मागोमाग लिंबू.

विमलाबाईने तोंडाला पदर लावला.

डोमाजींनी लिंबू उचललं, भातावर पिळलं. "कढी आली, लिंबूबी आलं. पापड काय पोस्टानं येतीन?"

हसू ओसरल्यावर त्यांनी प्रेमलालला जवळ बोलावलं. "थांबली काहून रे?"

तुमच्या रुसण्यामुळे, असं जिभेवर आलेलं त्याने गिळलं. "मीच थांबवली, मामा. दाट माल नळीत उभा ठेवायचा नसते, थिजते. थांबवाचंच होतं तं पयले गरम पाणी सोडून नळी धुवाले पाह्यजे होती."

"माह्या गिरणीतबी गाळानं नळ्या बुजून राह्यल्या. मिस्त्री मलेच दोष देते. तू सोमवारी ये."

विमलाबाईने तिथल्या तिथे त्याची दृष्ट काढली. पुष्पलता मात्र नळीकडे बोट दाखवून म्हणाली, "मग आता धू."

"उद्या धुतो, ताई."

सोमवारी तो गिरणीत रुजू झाला. यंत्र थांबवण्याआधी तिथली एकूणएक नळी गरम पाण्याने धुतली जाऊ लागली. जो विसरेल त्याला प्रेमलालसाहेब सगळ्यांदेखत झापायचे.

पुष्पलताची नळी विमलाबाईच्या परसात, आंब्याच्या फांदीला टांगलेली राहिली. उन्हात तडकली, तरी जवळून गेलं की हिंगाचा वास यायचा. दर दिवाळीला पुष्पलता विचारायची, आणि मॅनेजरसाहेब फराळाची बशी खाली ठेवून म्हणायचे, "उद्या, ताई."