मावशींच्या आवाजातलं कलम सहा

मानसशास्त्र विभागात तिला सगळे मावशी म्हणत. संशोधन करणाऱ्या मॅडम मावशी म्हणत, शिपाई मावशी म्हणे, आणि तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा मावशीच म्हणत. तिचं काम एकच होतं, पण त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं: अभ्यासासाठी आलेल्यांना संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची.

सध्या अभ्यास स्वप्नांचा चालला होता. दुपारी लोक यायचे, जाड पडद्यांच्या खोलीत निजायचे. पापण्यांखाली बुबुळं फिरायला लागली की मॅडम त्यांना हलकेच उठवून विचारायच्या, आत्ता काय दिसत होतं? माणूस अर्धवट झोपेत सांगायचा आणि यंत्र ते टिपून घ्यायचं. मावशी काचेपलीकडे बसून ऐकायची. उन्हाची एक रेघ पडद्याच्या फटीतून येऊन भिंतीवरून सरकत राही, आणि कुणी पाण्यावरून चालत असे, कुणी दार नसलेल्या शाळेत हरवलेलं असे. आताशा घरी भाजी निवडताना तिला ही परक्यांची स्वप्नं आठवत आणि ती आपणच पाहिली होती असं वाटे.

वाचण्याची तिची एक तऱ्हा होती. आधी पाणी द्यायचं, पंखा हळू करायचा, मग अंगाईच्या लयीत कलम एक ते नऊ. चौथ्या कलमाला समोरच्याचे खांदे सैल पडत, सातव्याला डोळे जड होत, नवव्याला सही होई. बारा वर्षांत एकानेही नाही म्हटलं नव्हतं. त्याचा तिला भारी तोरा. कुणी विषय काढायचा अवकाश, ही बारा वर्षं पुढे यायचीच.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा तिसऱ्या खेपेला जरा लवकरच आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. समोरच्या वर्गाचं दार उघडं होतं. आतून त्यांचाच झोपाळलेला आवाज येत होता: ती खिडकीशी उभी आहे, केस ओले आहेत, मी हाक मारायला जातो आणि मला तिचं नावच आठवत नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. वीस-पंचवीस मुलं वह्यांत काहीबाही उतरवून घेत होती.

मावशी बाहेर आली तेव्हा आजोबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"कलम सहा, आजोबा," ती म्हणाली. "नोंदी विद्यार्थ्यांना ऐकवतील, असं मी वाचलं होतं."

"वाचलं असेल. पण हे मी मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही हो."

"मग सही कशी केलीत?"

"तुम्ही इतकं छान वाचत होतात. मध्येच थांबवून विचारणं बरं दिसेना."

बारा वर्षांतले सगळे होकार मावशीच्या डोळ्यांसमोर ओळीने आडवे झाले, गाढ झोपलेले.

मॅडमनी ती नोंद वर्गातून तेव्हाच काढली आणि आजोबांची माफीही मागितली. बाकीच्यांचं काय, यावर मात्र त्या अडल्या. कागद नियमाप्रमाणे होता, मावशीचं वाचन चोख होतं, आणि साठ जणांना पुन्हा विचारायचं म्हणजे दोन वर्षांची मेहनत पणाला लावायची.

"वाचन चोखच आहे, मॅडम," मावशी म्हणाली. "पण मी त्यांना झोपवून सह्या घेतल्यात."

हे बोलताना तिला रडू फुटलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, विचारा पुन्हा.

आता मावशी पंखा हळू करत नाही. एक कलम वाचते, कागद पालथा घालते आणि म्हणते, मी काय वाचलं ते तुमच्या शब्दांत सांगा. माणसं शाळेतल्यासारखी अडखळतात. ती पुन्हा वाचते, रुक्षपणे, मुद्दाम.

आजोबांना तिने सगळ्यांत आधी बोलावलं. सहाव्या कलमाशी ते थांबले.

"म्हणजे माझी बायको वर्गात जाणार."

"हो."

"मग नाही."

कागदावर नकाराला जागाच नव्हती. मावशीने सहीच्या रेघेखाली हाताने एक चौकट आखली, वाकडीतिकडी, आणि तिच्यात नाही असं लिहिलं. मग त्यांच्यासमोर त्यांच्या सगळ्या नोंदी पुसून टाकायला लावल्या.

"वाईट वाटलं का तुम्हाला?" आजोबांनी विचारलं.

"छे. बारा वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं."

आजोबांना निघायची घाई दिसेना. यंत्र बंद असेल तर घटकाभर इथेच पडू का, असं त्यांनी संकोचत विचारलं. मावशीने यंत्राची वायर काढून त्यांच्या हातात दिली आणि पडदा ओढला. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली, ओठ हलले, कुणाला तरी हाक मारत असावेत. मावशीने त्यांना उठवलं नाही.