परमप्रसाद नेताना

मी प्रोटेस्टंट, माझा मित्र कॅथलिक. आलापल्लीत हा फरक आम्हा दोघांखेरीज कुणाला कळत नाही आणि कुणाला त्याची पडलेलीही नाही. मी हायस्कुलात गणित शिकवतो. त्याचं पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान आहे. शाळा सुटली की मी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो आणि वाद उकरून काढतो. वाद नेहमी मीच काढतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. माझे आजोबा गावोगाव फिरणारे प्रचारक होते, त्यामुळे धर्मातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

तो तांब्याची तार गुंडाळत असतो आणि मी बोलत असतो. एकदा मी म्हटलं, "देवाशी थेट बोलता येतं ना? मग संतांची आणि मरियेची मध्यस्थी कशाला?"

तो मान वर न करता म्हणाला, "लाईन गेली का तू मले फोन करतं, लाइनमनले सांग म्हनून. तवा तुले मधला मानूस चालते."

याला उत्तर होतं माझ्याकडे, पण ते मला घरी गेल्यावर सुचलं.

आमचं खरं भांडण भाकरीवरून. आमच्याकडे प्रभुभोजन महिन्यातून एकदा. त्यातली भाकर म्हणजे ख्रिस्ताची आठवण, भाकर ती भाकरच. त्यांच्याकडे फादरांनी मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, प्रार्थना म्हटली की ती पांढरी, पातळ चकती भाकर राहत नाही. तो साक्षात ख्रिस्त असतो. त्याला ते परमप्रसाद म्हणतात.

"चव कशाची लागते?" मी विचारायचो.

"गव्हाची."

"मग?"

"मंग काय? गव्हाचीच लागते."

आणि पुन्हा तार. हा माणूस चिडत नाही, हरत नाही आणि पटवूनही देत नाही. मला त्याचा फार राग यायचा. वीस वर्षं मी त्याच्यावर माझी सगळी विद्या खर्च केली आणि तो आपला वेढे मोजत बसला.

मागच्या हिवाळ्यात त्याची आई अंथरुणाला खिळली. मूळची सिरोंच्याकडची, तेलुगू बोलणारी. राहायची लेकीकडे, भामरागडच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावात. घशाचा आजार होता. अन्न उतरत नव्हतं, पाणीही कष्टानं. फादर जाऊन तिच्या कपाळाला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून, प्रार्थना करून आले होते, पण त्या दिवशी तिला इतक्या ओकाऱ्या होत होत्या की परमप्रसाद देता आला नाही. तेव्हापासून ती रोज लेकीला एकच विचारायची, कधी आणणार? आपल्याला फार दिवस नाहीत हे तिला कळलं होतं आणि तो घेतल्याशिवाय तिला जायचं नव्हतं.

फादरांना रविवारी आणखी दोन गावं करायची होती. आजाऱ्यांना परमप्रसाद नेऊन द्यायची परवानगी माझ्या मित्राला होती, पण त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, बोटं तेवढी मोकळी. तो शनिवारी म्हणाला, "उद्या मिस्सा झाल्यावर अम्माकडे जाचं आहे. तुयी गाडी काढशीन का?" मी हो म्हटलं. वाटेत तो माझ्या तावडीत सापडणार, याचाही मला आनंद होता, खोटं कशाला बोलू.

आमची उपासना आटोपून मी त्याला त्यांच्या चर्चच्या फाटकाशी घेतलं. गळ्यात एक लहान कापडी पिशवी, तिच्यात परमप्रसादाची, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी डबी. डावा हात त्या पिशवीवर. तो मोटरसायकलवर मागे बसला आणि मी सुरू झालो. कर्मानं तारण होतं की विश्वासानं, इथपासून पापांची कबुली फादरांपुढे का द्यायची, इथपर्यंत. सागाच्या जंगलातून रस्ता उखडलेला, गाडी उडत होती, तरी माझं तोंड चालू होतं. मागून हूं नाही की चूं नाही.

पेरमिलीला मी सवयीनं टपरीवर गाडी लावली आणि दोन चहा सांगितले. तो उतरला, पण बाजूला जाऊन उभा राहिला, माणूस दवाखान्यात खोलीबाहेर उभा राहतो तसा. मी ग्लास पुढे केला. त्यानं मान हलवली. आता मात्र माझं डोकं फिरलं. "काही बोलशील की नाही? मी काय तुझा ड्रायव्हर आहे?"

तो जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "मास्तर, तो आहे ना संग. थांबाचं नसते. चाल."

टपरीवाल्यानं तेवढंच ऐकलं. त्यानं आमच्या मागे इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तीन करू का भाऊ?"

मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही नव्हतं, रागाचंही नव्हतं. डबीतल्या पाहुण्याला थांबवून ठेवल्याचा त्याला खरोखर संकोच वाटत होता. इतकी वर्षं मला वाटायचं की त्याच्याकडे युक्तिवाद नाही. त्याला युक्तिवादाची गरजच नव्हती, हे मला त्या टपरीवर कळलं. मी चहा तसाच ठेवला. पुढचा सगळा रस्ता मी खड्डे चुकवून गाडी चालवली.

आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या बहिणीनं खाटेजवळ स्टुलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं होतं, मेणबत्ती लावली होती, पाण्याचा ग्लास ठेवला होता. म्हातारी उशीला टेकून बसली होती. वाळून एवढीशी झालेली, पण केस विंचरलेले. तो तेलुगूत प्रार्थना म्हणाला. मग डबी उघडून त्यानं चकतीचा तांदळाएवढा कण मोडला आणि चमचाभर पाण्याबरोबर आईच्या जिभेवर ठेवला.

तिनं गिळायचा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. पाण्यासकट तो कण तिच्या हनुवटीवर आला. बहीण पदर घेऊन पुसायला धावली. त्यानं तिचा हात धरला, स्वतःच्या बोटानं तो कण टिपला आणि आपल्या तोंडात घातला. विचार करायला थांबला नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. मग त्याहून बारीक कण मोडला आणि पुन्हा आईच्या जिभेवर ठेवला.

आम्ही तिघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग गळा हलला. म्हातारीनं तोंड उघडून आम्हाला दाखवलं. जिभेवर काही नव्हतं. आणि ती हसली.

मी खाली पाहिलं तर माझे गुडघे शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेकलेले होते. कधी टेकले, मला सांगता येणार नाही. आमच्यात भाकरीपुढे कुणी गुडघे टेकत नाही.

डबीत जवळजवळ अख्खी चकती उरली होती. म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं आणि मला कळावं म्हणून लेकाला मराठीत म्हणाली, "त्याले पन दे. दुरून आला."

माझ्या मित्रानं माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तो एखाद्या गोष्टीत अडकलेला मी पाहत होतो. "मास्तर," तो म्हणाला, "तुले नाई देता येत. आमच्यातल्यालेच देता येते." त्याचे डोळे भरले होते.

भाकरच तर आहे, त्यात काय एवढं, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या क्षणी मला ती हवी होती. एखाद्या मुलाला हवी असते तशी हवी होती आणि मागायचा हक्क मीच गमावून बसलो होतो. "ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "तू घे."

त्यानं ती घेतली, कणही वाया जाऊ नये म्हणून बोटं ग्लासात धुतली आणि ते पाणी पिऊन टाकलं.

म्हातारीला आमचं बोलणं समजलं नसावं, किंवा सगळंच समजलं असावं. ती लेकीला म्हणाली, "मंग त्याले भात तरी वाढ." भात आणि वरण आलं. तिच्या खाटेजवळ बसून मी जेवलो. जिला स्वतःला घास उतरत नव्हता, ती माझा एकेक घास शेवटपर्यंत बघत होती आणि मी एकही शीत सांडू दिलं नाही.