कच्चा आवाज

लिफ्टमध्ये शिरला की बटण दाबायच्या आधी तो कान द्यायचा. चहा निवेपर्यंत कपाला हात लावायचा नाही. हत्यारं मोजल्याशिवाय पेटी बंद करायचा नाही. गाताना त्याचा डावा डोळा मिटायचा. धाकट्या भावाच्या गिटारची तार उतरलेली त्याला शेजारच्या खोलीतून कळायची, आणि ती चढवून दिल्याशिवाय घास गोड लागायचा नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला लिफ्टदादा म्हणायचे. लिफ्टच्या उभ्या भुयारात, खाली उभं राहून तो वरच्या जोडीदाराला हाळी द्यायचा : हळू, हळू, अजून, थांब. त्या हाळीवर धाकट्यानं एकदा गंमत म्हणून गिटार छेडली आणि त्यांचा बँड उभा राहिला. रॉक, अंगाई, रॅप, कामाची हाळी, सगळं एकाच पातेल्यात. हे नक्की आहे तरी काय, असं कुणी विचारलं की धाकटा म्हणायचा, आमच्या दादाचं डोकं आहे.

पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग पाच महिने चाललं, दर रविवारी. आधी लिफ्टदादा आणि ड्रमर एका खोलीत बसून गाणं उभं करायचे. मग त्याचा आवाज कानात घेऊन बाकीचे वाजवायचे. रेकॉर्डिस्ट त्याला कच्चा आवाज म्हणायचा. पक्का सगळ्यात शेवटी घेतात, मग कच्चा पुसतात. त्या पक्क्यासाठी लिफ्टदादानं आंबट सोडलं, गार पाणी सोडलं. आता बोलणंही सोडा, म्हणजे घसा कोराकरकरीत राहील, असं बायको म्हणाली. पक्क्या आवाजाची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. कधी रेकॉर्डिस्ट आजारी, कधी खोली रिकामी नाही.

एका दुपारी धाकट्यानं दादा-वहिनीला स्टुडिओत बोलावलं. वाद्यं ऐकवतील आणि मग आपली पाळी, असं लिफ्टदादाला वाटलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

शब्द त्याचे होते. चाल त्याची होती. आवाज कुणा विशीतल्या पोराचा होता. चांगला होता, तेच जास्त लागलं. पहिल्या गाण्याला त्याला वाटलं, पाहुणा असेल. दुसऱ्यालाही तोच. सहाव्या गाण्यात नुसता ड्रम उरला, आणि त्याच्यामागून कुणीतरी लांबून गात असल्यासारखं आलं.

"अहो, हे तुम्हीच ना?" बायकोनं विचारलं.

"एका खोलीत होतो ना, ड्रमच्या माइकमध्ये गळलोय," तो म्हणाला. "पुसायचं राहिलं असेल."

धाकटा मान वर करेना. लिफ्टदादानं त्याला जिन्यात गाठलं.

"कधी ठरलं हे?"

"दादा, गाणी तुझ्याच नावावर आहेत. अल्बमच्या कंपनीला फक्त तरुण चेहरा..."

"कधी ठरलं?"

"पहिल्या रविवारी."

"मग पाच महिने मी कशाला गात होतो?"

"तू नसतास तर आमचं कुणाचंच बसलं नसतं, दादा." हे त्यानं कौतुकानं सांगितलं.

केसानं गळा कापलात भावजी, एवढंच वहिनी बोलली. घरी जाताना लिफ्टदादा चार मजले पायी उतरला.

दोन दिवसांनी धाकटा गाण्याच्या शब्दांचा एक कागद घेऊन घरी आला. शनिवारी पहिला कार्यक्रम होता. चौथ्या गाण्यात नव्या पोराचा दम तुटत होता. श्वास कुठे घ्यायचा तेवढ्या खुणा करून दे, म्हणाला. लिफ्टदादाला धाकट्याला नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. त्यानं पेन्सिल मागितली. पुटपुटत गायचा, थांबायचा, आणि स्वतः जिथे श्वास घेतला तिथे उभी रेघ मारायचा.

त्याची लिफ्टची कंपनी दूरच्या शहरात जायला वर्षभर माणूस शोधत होती. शुक्रवारी सकाळी त्यानं हो म्हणून टाकलं, आणि संध्याकाळी निघालाही.

धाकटा कागद न्यायला आला तेव्हा वहिनीनं टेबलाकडे बोट केलं. पहिल्या दोन कडव्यांत जागोजाग रेघा होत्या. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीत एक होती. त्यापुढच्या अकरा ओळींवर काहीच नव्हतं.