दाजींची काळी भिंत

सूर्यावर काडीचा विश्वास नसताना त्याच्याच भरवशावर अख्खं घर उभं करणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. ते म्हणजे आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माणूस मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा. तिकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर उपरणं ओढावं इतपत. पिंपरीला नवे कारखाने उभे राहू लागले तेव्हा नकाशे काढण्याच्या नोकरीवर ते इकडे आले आणि पवनाकाठची थंडी पाहून जे धसकले ते कायमचे. लग्नानंतर दोघं पिंपरीत पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहत. उन्हाळ्यात त्या पत्र्यावर भाकरी भाजून निघाली असती, आणि पौषात खोली अशी गार पडे की अंथरूण ओलं आहे असं वाटे. जळण स्वयंपाकालाच पुरत नसे, तिथं शेकायला कुठून आणणार? पहिलं बाळंतपण रहाटणीला आमच्या घरी झालं. अक्का बाळाला घेऊन खोलीवर परतली आणि त्याच थंडीत छातीत कफ भरून ते बाळ गेलं. लोक समजूत घालायला आले. कुणी नशीब म्हणालं, कुणी देवाची मर्जी म्हणालं. दाजी सगळ्यांना एकच उत्तर देत, "नाही हो. घर गार होतं."

तिथून पुढे या माणसानं दुसरा विचार केला नाही. दसऱ्याला सोनं वाटून झालं की कानटोपी डोक्यावर चढे ती होळीलाच उतरे. रस्त्यानं ते नेहमी उन्हाच्या कडेनं चालत. ऊन पलीकडे गेलं की बोलता बोलता हेही पलीकडे, आणि तिथून ओरडून गप्पा चालू. कुणाच्या घरी गेले की आधी पाणी नाही, चहा नाही. भिंतीला तळहात लावायचा, डोळे मिटायचे आणि वैद्यानं नाडी सोडावी तसा हात सोडून म्हणायचं, "ही भिंत दिवेलागणीला मरते." घरची बाई घाबरून देवापुढे दिवा लावायला पळे. एकदा भावकीतल्या एका सोयरिकीला त्यांना मोठ्या मानानं नेलं. मुलीचं वय नाही, नावरस नाही, यांनी पहिला प्रश्न टाकला, "घराचं तोंड कुणीकडे?" मुलीचा बाप गोंधळला. त्याला वाटलं, ही कोकणातली देण्याघेण्याची काही नवी रीत असणार.

थर्मामीटर त्यांना ठाऊक होता, पण भरवसा खोबरेल तेलावर. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात खोबरेलाच्या बाटल्या टांगलेल्या. सकाळी तेल पातळ असलं तर कोपरा पास, गोठलं तर नापास. अक्काला वेणी घालायची झाली तर तेल कुठल्या बाटलीतलं घ्यायचं हे विचारावं लागे. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात विज्ञान शिकत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी कुणी न विचारताही सांगते, आजही सांगते. दाजी मला प्रोफेसर म्हणत. आकाशात कापसाएवढा ढग आला तरी त्यांचा चेहरा उतरे. "बघ गो प्रोफेसर, याचा काय नेम? जाईल निघून मावळतीला. असतो तोवर धरून ठेवायला हवं त्याला."

सूर्याला धरून ठेवायची त्यांची युक्ती अशी. घराची दक्षिणेकडची बाजू काचेची करायची. काचेच्या आत, एकावर एक रचलेली, पाण्यानं भरलेली काळीभोर पिंपं. पिंपांच्या पाठीमागे राहायची खोली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्याचं ऊन काचेतून थेट पिंपांवर पडतं, पाणी दिवसभर तापतं आणि रात्रभर खोलीला ऊब देत राहतं. वरच्या पिंपाला तोटी लावली की आंघोळीचं ऊन पाणीही फुकटात. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा छपराची वळचण पिंपांवर सावली धरते. ही वळचण किती पुढे काढायची हे आमच्या वडिलांना पटवताना त्यांनी भर पंगतीत समईचा सूर्य केला आणि ताटातली पुरणपोळी उचलून तिचं छप्पर धरलं. समई खाली आणली, वर नेली, पोळीची सावली आमटीवर पाडून दाखवली. तूप मनगटावरून कोपरापर्यंत आलं. वडील शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, पोळी खायची असती."

तरी वडिलांनी नदीकडच्या उताराचा एक मुरमाड तुकडा त्यांना दिला. अक्काला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन थंडीत येणार होतं, म्हणून दिला. मुंबईच्या रस्त्याच्या कामावरून दाजींनी डांबराची रिकामी पिंपं आणली, दिघीला लष्कराचं भंगार निघालं त्यातून काचा उचलल्या. पहिल्यांदा पिंपं भरली तेव्हा त्यातलं एक गळकं निघालं आणि दाजींची चप्पल उंबऱ्यावरून तरंगत अंगणात गेली. हे सगळं लोकांनी हसून घेतलं. हसू थांबलं ते घराचं तोंड पाहिल्यावर. आमच्याकडे दक्षिणेला कुणी घर उघडं ठेवत नाही. ती यमाची दिशा. तिकडे पाय करून कुणी झोपत नाही, आणि यांनी तिकडची सबंध भिंतच काढून काच लावली होती. तीही कुणाच्या उशाशी, तर एक बाळ गमावलेल्या बाळंतिणीच्या!

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाव्हणं, यमाच्या तोंडाला न्हेऊन ठिवता व्हय माज्या लेकीला?"

"मामी, दार पूर्वेला आहे. दक्षिणेला नुसती काच."

"काच बगून यम माघारी जातूय का?"

"यायचाच झाला तर आधी पिंपं चढावी लागतील त्याला," दाजी म्हणाले. आई हसली नाही. ती माझ्याकडे वळली. "तू शिकल्याली हायस. तू सांग. ह्ये खरं हाय का?"

सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. पुस्तकात उष्णतेचा धडा मी वाचला होता, पण पिंपांवर कुणाचा जीव टांगलेला मी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "हो, खरं आहे." त्या एका शब्दावर आईनं अक्काला त्या घरात राहू दिलं आणि स्वतः सोबतीला गेली. त्या दिवसापासून सुट्टीला आले की मीही दाजींसारखी पिंपांना हात लावून बघायची. संध्याकाळी ती गाईच्या पाठीसारखी ऊन लागत. तेवढ्यापुरतं बरं वाटे, की पुन्हा आभाळाकडे लक्ष जाई.

अक्काला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दाजी कारखान्यात होते. मी नाताळच्या सुट्टीत आले होते. सुईणीला घेऊन पोचले, आणि संध्याकाळच्या आत मुलगी झाली. एवढीशी, तळहातावर मावेल अशी, रडायचंही बळ नसलेली. तिला पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून मी मान वर केली. समोरची सगळी भिंत पांढरीशुभ्र होती. बाळंतिणीच्या खोलीत काळी भुतं रांगेनं उभी आहेत हे आईला पहिल्यापासून सोसत नव्हतं. आदल्या दिवशी दाजी कामाला गेल्यावर तिनं उरलेला चुना कालवून एकूण एक पिंप रंगवून काढलं होतं, आणि वर हळदीकुंकवाची स्वस्तिकं काढली होती. इतकी सुबक स्वस्तिकं मी देवळातही पाहिली नाहीत. पांढऱ्या पिंपांवर ऊन पडतं आणि तसंच परत जातं. दोन दिवस ती तापलीच नव्हती. आदल्या रात्री दाजी उशिरा येऊन बाहेरच्या ओसरीवर झोपले होते आणि अंधारातच निघून गेले होते, त्यामुळे त्यांना याचा पत्ताच नव्हता.

दिवेलागणीला ते आले. बाळाकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पिंपाला तळहात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. त्यांनी कानटोपी काढली आणि मुलीच्या डोक्यात घातली. ती तिच्या पोटापर्यंत आली. ती रात्र आम्ही शेगडी पेटवून, धुराला दार किलकिलं ठेवून, बाळाला अक्काच्या उराशी धरून काढली. सकाळी कोपऱ्यातलं तेल दगडासारखं गोठलेलं होतं आणि मुलीचे ओठ निळसर दिसत होते.

मी आईला समजवायला गेले. काळा रंग उष्णता शोषून घेतो, पांढरा परत पाठवतो, असं पुस्तकातलं सगळं बोलले. आई म्हणाली, "सूर्याला रंग कळतूय व्हय? आन् बाळंतिणीच्या खोलीत काळं नगं. मागं येकदा भोगलंया." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भीती तिलाही तेवढीच वाटत होती, फक्त ती दुसऱ्या बाजूनं वाटत होती.

दाजींनी मला बाजूला सारलं आणि तिच्यापुढे उकिडवे बसले. "मामी, पोरीला तीट लावलीत?"

"लावली की. गालावर, तळपायाला."

"आणि घराला? दिघी-चिंचवडपास्नं माणसं येऊन बघून गेली हे घर. केवढी दृष्ट लागली असेल."

आई विचारात पडली. "घराला बी लावत्यात. दारावर काळा ठिपका देत्यात."

"एवढ्या मोठ्या घराला एवढासा ठिपका कसा पुरेल, मामी? दृष्ट तर सगळी काचेतूनच आत येतेय."

आईनं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग पदर खोचला. चुलीवरचा तवा उलटा करून काजळी खरवडली, तेलात कालवली आणि पहिल्या पिंपावर पंजा ओढला. तेवढ्यानं भागेना तेव्हा तिनं आळीत हाक दिली. बायका आपापल्या तव्यांची, पातेल्यांची काजळी घेऊन आल्या. "घराची तीट म्हंजी कसं, समद्यांनी हात लावाय पायजे," असं म्हणत एकेकीनं एकेक पिंप घेतलं. थोड्याच वेळात भिंत पूर्वीपेक्षा काळी झाली. बायका तर भिंतीहून काळ्या झाल्या होत्या. एक दुसरीकडे बघून हसली, तशी ती दुसरी म्हणाली, "आगं, माझ्याकडं काय हसतीस, तुझं तोंड बग!" पिंपांच्या पलीकडे पडलेली अक्का त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

दुपारी ढग आले. दाजी रजा टाकून अंगणात उभे होते, उघड्या डोक्यानं, वर बघत. मी अंगणात गेले तर म्हणाले, "बोलू नको गो आत्ता." किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. ढग चाकणच्या दिशेला सरकले आणि उन्हानं सगळी भिंत पुन्हा धरली. संध्याकाळी पिंपं ऊन होती. पहाटे मी उठले तेव्हा दाजी कोपऱ्यातली बाटली हातात धरून बसले होते, तिरकी करत, सरळ करत. तेल वाहत होतं. अक्काच्या कुशीतल्या मुलीनं तेवढ्यात पहिल्यांदा मोठ्यानं, भांडखोर आवाजात टाहो फोडला. आईनं झोपेतच विचारलं, "काय झालं?" दाजी म्हणाले, "काही नाही, मामी. भूक लागलीय तिला."

पुढे दाजींनी कारखान्यातल्या कामगारांच्या चाळींसाठी असेच नकाशे काढले. साहेबांनी ते उलटून पालटून पाहिले, फार कौतुक केलं आणि शेवटी पत्र्याच्या चाळी बांधल्या. तसं दुसरं घर कुणी बांधलं नाही. दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुठल्याही नव्या घरात गेले की अजून माझा हात आपसूक भिंतीवर जातो आणि घरची माणसं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात. मी त्यांना काही सांगत बसत नाही. त्या घरात अक्काची तीन मुलं वाढली. थंडीनं त्यातलं एकही गेलं नाही.