पंपाला सुट्टी नाही

आमचे फवारेमामा कुठेही गेले तरी आधी छताकडे बघायचे, मग माणसांकडे. माझ्या मुलीच्या लग्नात ते कार्यालयाच्या दारातच मान वर करून थबकले. मंडपवाल्याने छताला गुलाबी कापड ताणलं होतं आणि आग लागल्यावर पाणी सोडणारे फवारे त्या कापडाआड गेले होते. "हे कापड काढा, न्हाईतर मी जेवनार न्हाई," मामांनी त्याला ठणकावलं. कापड काही निघालं नाही. मामा अक्षता टाकून खरंच उपाशी निघून गेले. व्याह्यांसमोर शोभा झाली म्हणून मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

नगरच्या बाजारपेठेतल्या एका चारमजली कापड दुकानात मी मॅनेजर होतो. पंपघर, पाइप आणि फवारे मामांकडे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. फवारा आणि माल यांच्यात हातभर जागा मोकळी हवी, हा नियम. मामा टेप वापरत नसत. शिडीवर चढून कोपर गठ्ठ्यावर टेकवायचे आणि हात ताठ उभा धरायचे. बोटं फवाऱ्याला लागली की खाली ओरडायचे, "माझा हात मावंना. उतरवा साड्या!" दिवाळीच्या तोंडावर सेल्समन त्यांना बघून तोंड फिरवायचे. मीही.

दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते वरच्या मजल्यावरचा चाचणीचा व्हॉल्व्ह उघडायचे. घंटा वाजायची, पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पाणी मागच्या गटारात धो धो पडायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. शेठजींचा जीव तिळतिळ तुटायचा. एकदा त्यांनी मामांना पाण्याची किंमत ऐकवली. मामा तिसगावकडचे, आईबाप ऊसतोडीला जाणारे. ते म्हणाले, "शेठ, माझ्या आईनं हंड्यापायी डोंगर तुडवलाय. मला बी हे वततानी बरं वाटत न्हाई. पन पंप चालतो का न्हाई, हे आगीच्या दिवशी बघायचं का?"

शेठजींनी चाचणी बंद करायला सांगितली. रजिस्टरमध्ये मात्र 'चाचणी घेतली' असं लिहायचं होतं. हा निरोप मीच नेला. मामांनी चष्मा पुसला आणि गिरवून गिरवून लिहिलं, 'चाचणी घेऊ दिली नाही.' पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. जुलैत सगळी यंत्रणा ठीक असल्याचा 'बी फॉर्म' द्यायचा असतो. तो देणाऱ्या एजन्सीचा माणूस एरवी चहा पिऊन सही करायचा. त्या वर्षी त्याने ते रजिस्टर वाचलं आणि पेन खिशात ठेवलं. महिन्याभरात मामांना कामावरून काढलं. पत्र माझ्याच हातून गेलं. "वरून आदेश आहे," असं काहीतरी मी पुटपुटलो. या वाक्याची मला आजही किळस येते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद ठेवून पूजतात. शिलाई मशीन, लिफ्ट, कॉम्प्युटर, सगळ्यांना सुट्टी. मामा पंपाला हळदीकुंकू वाहायचे, पण स्विच 'ऑटो'वरच ठेवायचे. "याला सुट्टी न्हाई. याची पूजा चालू ठिवूनच." त्या वर्षी मामा नव्हते आणि नवा ऑपरेटर येऊन आठवडाच झाला होता, म्हणून पूजा मी केली. भक्तिभावाने पंप बंद केला, नारळ फोडला, पॅनेलला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची गर्दी. पंप चालू करायचा राहिला.

तीन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावर इस्त्रीच्या टेबलापाशी पेट घेतला. उष्णतेने फवारे उघडले, पाइपात होतं तेवढं पाणी आलं आणि थांबलं. कपडे अल्टर करून देणाऱ्या सुरेखाताई धुरात गुदमरून गेल्या. अकरा वर्षं त्या तिथे बसायच्या.

बातमी ऐकून मामा धावत आले. काळ्या जिन्यावर मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो. "मामा, पंप मीच बंद केला होता." हे मी फक्त त्यांना सांगितलं. संध्याकाळी पोलिसांपुढे मात्र म्हणालो की पंपाची जबाबदारी ऑपरेटरची. त्या बिचाऱ्याला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः पोलीस ठाण्यात गेले आणि माझं जिन्यावरचं बोलणं जसंच्या तसं सांगून आले. ऑपरेटर सुटला आणि मी अडकलो. मला मामांचा राग आला नाही असं लिहिणार होतो, पण आला. खूप आला.

दोन वर्षांनी कोर्टात त्यांची साक्ष झाली. नोकरीवरून काढल्याचा डूख धरून ते खोटं बोलतायत, हे माझ्या वकिलांना दाखवायचं होतं. त्यांनी विचारलं, "मॅनेजर तुमच्याशी कसे वागायचे?" मामांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"मानूस चांगला हाय," ते म्हणाले. "मला कदी वाकडा शब्द बोलले न्हाईत. माझ्या आजारपनात घरी आल्ते. फकस्त मी सांगितलेलं कदी ऐकलं न्हाई."

वकील खाली बसले. माझ्या मागच्या बाकावर सुरेखाताईंची आई होती. तिला नीट ऐकू येत नाही. "काय म्हनले ते?" तिने शेजारणीला विचारलं, आणि शेजारणीने ते तिला मोठ्याने पुन्हा सांगितलं.